सामान्य माणसाला लागणारा वेळ

घड्याळरावांचं खरं नाव कार्यालयात एकट्या हजेरीपटाला माहीत होतं. गेली एकोणीस वर्षं त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं स्टॉपवॉच असायचं आणि ते जेवतानाही काढायचे नाहीत, म्हणून नाव पडलं ते पडलंच. चित्रपट तपासणी मंडळात ते लिपिक होते. तळमजल्यावरच्या छोट्या थिएटरात पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात मिणमिणत्या दिव्याखाली बसायचं, मागे बसलेल्या तीन सदस्यांपैकी कोणी घंटी वाजवली की मिनिट-सेकंद टिपायचे, पुन्हा वाजवली की पुन्हा टिपायचे. दोन घंट्यांच्या मधलं जे काही असेल ते सिनेमातून जायचं. तिसऱ्या सदस्यांची घंटी दोन वर्षांपासून बिघडलेली होती, त्यामुळे ते खोकायचे. त्यांना खरोखरचा खोकला झाला की त्या आठवड्यातल्या सिनेमांचं काही खरं नसे.

कापलेल्या मजकुराची यादी घड्याळराव हाताने लिहीत. टाइप केलेल्या यादीत कोणीही एखादी ओळ घुसवतो, म्हणून हातानेच लिहायची असा नियम होता, आणि घड्याळरावांचं अक्षर मोत्यासारखं होतं. पूर्वी यादीत 'अमक्या वाक्यापासून तमक्या वाक्यापर्यंत' एवढंच लिहीत. मग एका निर्मात्याने पहिलं वाक्य कापलं, शेवटचं कापलं आणि मधला सगळा गोंधळ जसाच्या तसा दाखवला. वर कोर्टात जिंकलाही. तेव्हा अध्यक्षबाई खवळल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि पळवाट काढणारा विद्यार्थी त्यांनी कधी सुखाने घरी जाऊ दिला नव्हता. त्यांनी परिपत्रक काढलं. यापुढे कापलेला प्रत्येक शब्द यादीत पुरता लिहायचा. ती यादी बैठकीत मोठ्याने वाचून सह्या घ्यायच्या. आणि मंडळाने आपल्याला कशाकशापासून वाचवलं हे जनतेला कळावं म्हणून ती सिनेमाच्या आधी पडद्यावर दाखवायची, तीही सामान्य माणसाला वाचून पुरी करता येईल इतका वेळ.

हा वेळसुद्धा घड्याळरावच मोजत. नियमात लिहिलं होतं की वाचणारा कार्यालयाबाहेरचा, दहा वर्षांवरचा, साक्षर नागरिक असावा. पण बाहेरचा माणूस शोधायला वेळ कोणाला होता? शिपाईच वाचायचा. तो एका दमात वाचायचा, आणि शिव्या आल्या की आणखी भराभर. तोपर्यंत याद्या दोन-चार ओळींच्याच असायच्या, म्हणून त्या परिपत्रकात काय भरून ठेवलं आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. अध्यक्षबाईंच्याही नाही.

मग तो माहितीपट आला. बावन्न मिनिटांचा. काढणारी एक तरुण मुलगी होती, तिच्या चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली. विषय होता जादा अपत्य कायदा. कायदा तसा साधा होता. घरटी दोन मुलं. तिसऱ्याला मनाई नव्हती, सरकार म्हणजे काही राक्षस नव्हे. तिसऱ्याच्या कागदावर फक्त 'जादा' असा शिक्का बसायचा, आणि शाळेत, दवाखान्यात, वाचनालयात जादांनी बाकीच्यांचं झाल्यावर यायचं. जागा उरली तर मिळायची. कायदा होऊन चौदा वर्षं झाली होती आणि तो उत्तम चाललाय असं त्याचे अधिकारी सांगत.

तेविसाव्या मिनिटाला पडद्यावर एक स्वयंपाकघर आलं. ओट्याला टेकून एक बाई फडक्याला हात पुसत उभी होती. घड्याळरावांनी तिला पाच वर्षांत पाहिलं नव्हतं. केस बरेच पिकले होते, पण फडकं झटकायची तऱ्हा तीच. ती त्यांची ताई होती.

"मी नर्स आहे," ताई म्हणाली. मागे अध्यक्षबाईंची घंटी वाजली. "वीस वर्षं लोकांची बाळंतपणं केली. माझं स्वतःचं दुसरं बाळंतपण जुळ्यांचं निघालं, त्याला मी काय करणार? मोठा मुलगा धरून तिघं झाली. जुळ्यांतल्या थोरलीत आणि धाकटीत नऊ मिनिटांचं अंतर. सहा वर्षांच्या झाल्या तेव्हा शाळेचा फॉर्म आला. त्यात चौकोन होता, जादा अपत्याचे नाव. तो भरल्याशिवाय दोघींनाही शाळा नाही. मी म्हटलं, नऊ मिनिटांसाठी मी पोटच्या पोरीला जादा म्हणणार नाही."

पडद्यावर त्या फॉर्मची झेरॉक्स आली. मुलीचं नाव चष्मेवालीने पट्टी लावून झाकलं होतं. बाकीचा फॉर्म उघडाच होता. पत्ता, जन्मतारीख, आईचा व्यवसाय, सगळं ओळीत, एका उंचीचं, मोत्यासारखं.

"हे अक्षर माझं नाही," ताई म्हणाली. "माझ्या भावाचं आहे. फार सुंदर अक्षर त्याचं, शाळेत बक्षिसं मिळायची. मला न विचारता भरून देऊन आला. थोरली शाळेत गेली. धाकटी दोन वर्षं घरी बसली, जागा उरेना. एकदा तिला कपाटात हा कागद सापडला. वाचता येत नव्हतं, पण नाव तेवढं ओळखायची. म्हणाली, आई, बघ ना, माझं नाव कोणी किती छान काढलंय."

घंटी पुन्हा वाजली. घड्याळरावांचा अंगठा बटणावर होता, पण तो खाली गेला नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडून वेळ टिपायची राहिली. त्यांनी तसं सांगितलं. सदस्यांनी सुस्कारे सोडले, वर ऑपरेटरने रीळ मागे नेलं, आणि ताईने पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं.

वरच्या मजल्यावर चर्चा झाली. चर्चेला चष्मेवालीलाही बोलावलं होतं, कारण तिचं ऐकून घेणं बंधनकारक होतं.

"आमचा सिनेमाला विरोध नाही," दुसरे सदस्य म्हणाले. ते निवृत्त डॉक्टर होते. "त्यात जे आहे त्याला आहे."

"पण ही माणसं खोटं बोलतायत का?" चष्मेवालीने विचारलं.

"खोटं असतं तर सोपं होतं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "हे बघ बाळ, बोलायला कोणी बंदी केलीय? त्या बाईंनी आपल्या स्वयंपाकघरात खुशाल बोलावं. चारचौघांना ऐकवायचं असेल तर परवानगी लागते."

"मग कायदा चुकलाय हे सांगायचं तरी कुठे?"

"त्याची सोय कायद्यातच आहे," खोकणारे सदस्य म्हणाले. ते समाजसेवक होते आणि कायदा त्यांना पाठ होता. "तीस दिवसांच्या आत लेखी हरकत नोंदवायची होती."

"चौदा वर्षांपूर्वी?"

"हो."

"तेव्हा त्या मुली जन्मालाही आल्या नव्हत्या!"

"म्हणजे त्यांची हरकत नव्हती," समाजसेवक म्हणाले, आणि त्यांनी ते लिहूनही घेतलं.

एकूण एकवीस मिनिटं कापायची ठरली. सात माणसांचं बोलणं, त्यात ताईचं सगळं. उरल्या एकतीस मिनिटांत शाळांच्या इमारती होत्या, एक अधिकारी होता, आणि एका फाटकापाशी बसलेलं कुत्रं बराच वेळ होतं. कुत्र्यावर कोणाचाच आक्षेप नव्हता.

घरी गेल्यावर घड्याळरावांनी बायकोला सांगितलं. ती मटारच्या शेंगा सोलत होती. नातेवाईक सिनेमात असला तर लिपिकाने आधी लेखी कळवायचं असतं, हे तिलाही माहीत होतं. तिच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"आजारी पडा," ती म्हणाली. "दोन दिवस तापाचे टाका. यादी तो दुसरा लिहील."

"त्याचं अक्षर कोणाला लागत नाही."

"म्हणूनच म्हणते."

घड्याळरावांनी एक शेंग उचलली आणि नुसतीच हातात धरली. "मला खरंच वाटलं होतं गं, की मी तिचं काम सोपं करतोय," ते म्हणाले. "एक चौकोन तर आहे, भरला की दोघी मार्गी लागतील. ती रडत बसलेली, मला बघवेना. धाकटीचं नाव लिहिताना मी... मी चांगलं यावं म्हणून नवीन निब घातली होती पेनाला." पाच वर्षं ते याबद्दल गुळणी धरून बसले होते. आज त्यांना रडू आलं. बायकोने शेंगांचं ताट बाजूला सारलं, पण सल्ला काही बदलला नाही.

ते आजारी पडले नाहीत. दुसऱ्या दिवशी टेबलावर कागद सारखे करून यादी लिहायला बसले. सहा माणसांचं बोलणं उतरवलं. मग ताईचं आलं. 'हे अक्षर माझं नाही' इथे पेन थांबलं. भावाची तेवढी वाक्यं गाळली तर? बैठकीत कोणाला आठवणार? अर्धा तास ते या विचारात सुखाने बसले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की यादीत जे नाही ते कापलंही जाणार नाही. म्हणजे पडद्यावर ताई अचानक येईल, 'माझ्या भावाचं आहे' एवढंच बोलेल आणि निघून जाईल. यादीत घातलं तर लोक वाचतील, नाही घातलं तर ऐकतील. अध्यक्षबाईंनी खरोखरच कुठे पळवाट ठेवली नव्हती.

त्यांनी सगळं लिहिलं. एकही शब्द न गाळता, एकही न घालता. शेवटी 'शेरा' असा रकाना होता. एकोणीस वर्षं त्यात ते 'नाही' लिहीत आले होते. आज त्यांनी तीन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि शाई वाळेपर्यंत वाट पाहिली.

वाचनाच्या बैठकीत घड्याळराव नेहमीच्याच आवाजात वाचत. हा आवाज मंडळात प्रसिद्ध होता. शिवी असो, प्रेमाची कबुली असो की खुनाची धमकी, त्यांच्या तोंडून सगळं पाणीपुरवठ्याच्या सूचनेसारखं निघायचं. त्याच आवाजात त्यांनी सात माणसं वाचली. ताईपाशीही आवाज तसाच राहिला. फक्त 'माझं नाव कोणी किती छान काढलंय' इथे त्यांना पाणी प्यावं लागलं.

"शेरा?" अध्यक्षबाईंनी सवयीने विचारलं आणि पेन उघडलं.

"शेरा आहे."

तिघांनीही माना वर केल्या.

"'या फॉर्मवरील अक्षर प्रस्तुत लिपिकाचे आहे,'" घड्याळरावांनी वाचलं.

"पुरे," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी यादी ओढून घेतली. फाइलमधून फॉर्मच्या दृश्याचा फोटो काढला, यादीशेजारी ठेवला, आणि आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेल्या डोळ्यांनी दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं. मग चष्मा काढला. "ही तुमची बहीण?"

"हो."

"कळवायला हवं होतं."

"हो."

"शेरा खोडा."

"खोडतो. पण जे खोडलं ते पुन्हा शेऱ्यात पुरतं लिहावं लागेल. परिपत्रकाचं कलम चार."

"असलं परिपत्रक काढलं कोणी?" समाजसेवकांनी विचारलं. थोड्या वेळाने त्यांनाच आठवलं.

डॉक्टर मघापासून कागदावर हिशोब करत होते. "बाई," ते म्हणाले, "हे सगळं पडद्यावर दाखवायचं ना? एकवीस मिनिटं बोललेलं. वाचायला त्याहून जास्तच लागतील. म्हणजे लोक उरलेल्या सिनेमाएवढा वेळ कापलेला सिनेमा वाचणार. मग आपण नक्की काय कापलं?"

घोडं तिथेच अडलं. यादी रद्द करावी तर नवी करेपर्यंत निर्णय लांबणार, आणि आज साठावा दिवस होता. साठ दिवसांत निर्णय झाला नाही तर सिनेमा एकही शब्द न कापता मंजूर, हाही नियमच. अध्यक्षबाई बराच वेळ आपलं परिपत्रक वाचत राहिल्या. त्यात एखादी चूक सापडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. पण ते त्यांनी स्वतः लिहिलेलं होतं, चूक कुठून असणार? शेवटी त्यांनी सही केली. सहीसाठी बोलावलेल्या चष्मेवालीनेही केली, आणि दोन प्रती मागून घेतल्या.

"तुमची चौकशी लागेल," अध्यक्षबाई घड्याळरावांना म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "उद्यापासून येऊ नका."

"वेळ मोजायचा राहिलाय."

"तो मोजून पाठवा, आणि मग येऊ नका."

शिपाई नेहमीप्रमाणे हात पुढे करून उभाच होता. घड्याळरावांनी यादी त्याला दिली नाही. पिशवीत घातली आणि जिना उतरले.

ताईने दार उघडलं आणि उघडंच धरून ठेवलं. आत यायलाही सांगितलं नाही आणि लावूनही घेतलं नाही.

"कामासाठी आलोय," घड्याळराव म्हणाले.

"कोणाच्या?"

"मंडळाच्या. एक यादी वाचून घ्यायचीय. वाचणारा कार्यालयाबाहेरचा पाहिजे, दहा वर्षांवरचा. तुझी हरकत नसेल तर." ते जरा थांबले. "या वेळी विचारायला आलोय."

ताईने यादी हातात घेतली, पहिलं पान पाहिलं, मधलं पाहिलं, शेवटचं पाहिलं. शेवटच्या पानावर ती थांबली. मग दारातून बाजूला झाली.

मुली जेवणाच्या टेबलाशी गृहपाठ करत होत्या. पाच वर्षांत दोघीही ताडमाड वाढल्या होत्या.

"मी वाचू?" थोरली लगेच म्हणाली. "मी भराभर वाचते."

"भराभर नको," घड्याळराव म्हणाले. त्यांनी यादी धाकटीसमोर ठेवली. "तू वाचशील का?"

धाकटीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. घड्याळरावांनी अंगठा दाबला आणि काटा निघाला.

दोन वर्षं उशिरा शाळेत गेलेलं पोर ते. बोट ओळीखाली धरून, ओठ हलवत, मोठ्याने वाचायची. जोडाक्षर आलं की आधी मनात फोडून मग तोंडाने जोडायची. पहिल्या माणसाला सात मिनिटं लागली. थोरलीने दोनदा शब्द सुचवायला तोंड उघडलं आणि ताईने दोनदा तिच्या खांद्यावर हात ठेवला. घड्याळराव गप्प होते. मोजणी चालू असताना वाचकाशी बोलायचं नाही असा नियम होता, आणि आज त्यांना त्याचा आधार वाटला.

ताईची पाळी आली. "मी नर्स आहे," धाकटी वाचू लागली. ताई पाठ फिरवून ओट्याकडे गेली आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसू लागली. नऊ मिनिटं आली, चौकोन आला, कपाटातला कागद आला. धाकटीचं बोट थांबलं.

"हे माझ्याबद्दल आहे?"

घड्याळराव घड्याळाकडे बघत राहिले. काटा चालूच होता. वाचकाला थांबावंसं वाटलं तर तोही वाचनाचाच वेळ.

"हो," ताई ओट्यापासून म्हणाली. "वाच पुढे."

धाकटीने पान उलटलं. "शेरा," तिने वाचलं. "या फॉर्मवरील अक्षर प्र-स्तुत लिपिकाचे आहे. नाव त्याने आईला न विचारता लिहिले." बोट खालच्या ओळीवर आलं. "मूल जादा नव्हते."

ती ओळ तिने पुन्हा वाचली, या वेळी मनात. मग खालची सही वाचली, आणि घड्याळरावांनी बटण दाबलं.

"अठ्ठेचाळीस मिनिटं बारा सेकंद," ते म्हणाले.

"एवढा वेळ?" थोरली म्हणाली. "मग थिएटरात सगळे एवढा वेळ हेच बघत बसणार?"

"हो."

"मी हळू वाचलं ना?" धाकटीने विचारलं.

"सामान्य माणसाला लागतो तेवढाच वेळ लागला."

त्यांनी पिशवीतून मोजणीचा छापील फॉर्म काढला. वेळेचा रकाना भरला, आणि मग फॉर्म फिरवून तिच्यापुढे सरकवला. वर छापलं होतं: सामान्य नागरिकाचे नाव. खाली चौकोन होता. त्यांनी पेन तिच्या हातात दिलं.

"तू लिही."

ती पेन धरून बसली. "पुढे कंसात जादा लिहायचं ना? शाळेत लिहावं लागतं."

"या फॉर्मात त्याला जागा नाही."

तिने नाव लिहिलं. पहिली अक्षरं मोठी झाली, पुढची दाटीवाटीने बसली, शेवटचं चौकोनाच्या बाहेर गेलं, आणि एक ठिपका शाईचा पडला.

"वाकडं आलं," ती म्हणाली. "तू काढ ना, मामा. तुझं छान येतं."

घड्याळराव नाही म्हणून मान हलवत राहिले.

ताई फडक्याला हात पुसत टेबलापाशी आली. तिने तो कागद उचलला आणि उजेडाकडे धरून नीट पाहिला.

"किती छान काढलंय नाव," ती म्हणाली.